शून्य कुठून मोजायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात २५ डिसेंबर रोजी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला तीन अटी घातल्यात. जहाजावरचं काहीतरी सांग, पंचवीस मिनिटं बोल आणि जेवणाच्या आधी संपव. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची, हे मला मांडवामागून येणाऱ्या वासावरून कळतंय.

जहाजावरचे अनुभव सांगायचे तर वादळं, चाचे आणि परदेशी बंदरं. त्यातलं निम्मं तुम्ही सिनेमात पाहिलंय. म्हणून मी असा विषय निवडला, जो या शाळेच्या वर्गात शिकलो आणि ज्याच्यावर पुढे छत्तीस वर्षं माझं पोट भरलं. विषय आहे रेखावृत्तं. काही जणांच्या चेहऱ्यावर आठवीच्या चाचणीची कळा आलेली दिसतेय. घाबरू नका, शेवटी गणित घालणार नाही. मध्ये एक घालीन.

आपल्या भूगोलाच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्यात. नव्वदीला टेकल्यात, तरी आल्या. बाईंनी आपल्याला हा धडा कांदा आणि संत्रं आणून शिकवला होता. कांदा आडवा कापला की चकत्या पडतात, मधली सगळ्यात मोठी आणि टोकाकडे लहान लहान होत जाणाऱ्या. ती अक्षवृत्तं. संत्रं सोललं की फोडी दिसतात, सगळ्या सारख्या, सगळ्या वर एका बिंदूत आणि खाली एका बिंदूत मिळणाऱ्या. दोन फोडींमधली रेघ म्हणजे रेखावृत्त. नंतर ते संत्रं वर्गात कोणाला मिळालं यावरून झालेली भांडणं मला अजून आठवतात. पण त्या दिवशी बाईंनी एक प्रश्नही विचारला होता: "विषुववृत्त आपल्या गावातून न्यायचं ठरवलं, तर नेता येईल का? आणि शून्य रेखावृत्त?"

माझं आजचं सगळं बोलणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिला अर्धा भाग सोपा. विषुववृत्त आपल्या गावातून नेता येणार नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, फिरण्याला आस आहे, आसाला दोन टोकं आहेत आणि त्या दोन टोकांच्या बरोबर मधून जाणारं वर्तुळ एकच आहे. ते कोणी ठरवलेलं नाही. माणूस नसता तरी ते तिथेच असतं. म्हणून अक्षांश मोजणंही त्या मानाने सोपं. आपल्याकडे रात्री किनाऱ्यावर उभं राहा, उत्तरेकडे तोंड करा, हात ताणून मूठ क्षितिजावर ठेवा. ताणलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण १० अंश. पावणेदोन मुठींवर ध्रुवतारा दिसेल. आपलं अक्षांश १७ उत्तर. झालं. अरबी समुद्र ओलांडणारे जुने नाखवे एक लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी घेऊन हेच करत.

आता पूर्व-पश्चिम बघा. इथे आकाश काहीच सांगत नाही. रत्नागिरीच्या अक्षांशावर सरळ पूर्वेला गेलात, आंध्रच्या किनाऱ्यावर पोचलात, तर तिथेही ध्रुवतारा पावणेदोन मुठींवर. तिथेही तोच सूर्य, तेच तारे, त्याच उंचीने डोक्यावरून जातात. फरक एकच, त्यांच्याकडे ते आधी जातात. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. हे ४ मिनिटांचं सूत्र आपण पाठ केलं, मार्क मिळवले आणि विसरलो. पण त्याचा खरा अर्थ असा, की पूर्व-पश्चिम अंतर म्हणजे वेळ. तुम्ही कुठे आहात हे कळायला दोन वेळा एकदम माहीत पाहिजेत, इथे आत्ता किती वाजलेत आणि त्याच क्षणी शून्याच्या ठिकाणी किती वाजलेत. इथली वेळ सूर्य सांगतो. तिथली कोण सांगणार?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याने शेकडो वर्षं माणसं मारली. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री इंग्लंडच्या नौदलाचा ताफा घरी परतत होता. आपण कुठे आहोत हे त्यांना नीट माहीत नव्हतं. सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजं फुटली आणि चौदाशेहून अधिक माणसं बुडाली. सेनापती ॲडमिरल शॉवेलही त्यातच गेला. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला: समुद्रात अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगण्याची पद्धत जो शोधील त्याला २० हजार पौंड. मोठमोठे ज्योतिषी चंद्राच्या गतीवरून गणित मांडत बसले. आणि यॉर्कशायरचा जॉन हॅरिसन नावाचा एक सुतार म्हणाला, कशाला एवढं, मी घड्याळच असं करतो की जे बोटीच्या हेलकाव्यात, थंडीत आणि उन्हात चुकणार नाही. शून्याची वेळ बरोबर घेऊनच निघायचं. त्याने आयुष्य त्यात घातलं. १७३५ मध्ये पहिलं घड्याळ, १७५९ मध्ये चौथं. ते चौथं हाताच्या पंज्याएवढं होतं. जमैकाच्या प्रवासात ते दोन महिन्यांहून अधिक काळात अवघं ५ सेकंद चुकलं. पैसे मात्र त्याला हप्त्याहप्त्याने आणि भांडून मिळाले. शेवटची रक्कम हातात पडली तेव्हा तो ऐंशीचा होता.

मी 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावरून शिकून १९८२ मध्ये समुद्रावर गेलो, तेव्हा उपग्रहावर चालणारं जीपीएस मालवाहू जहाजांवर आलेलं नव्हतं. आमचं क्रोनोमीटर चार्टरूममध्ये लाकडी पेटीत, गादीवर ठेवलेलं असायचं. देवघरासारखंच. रोज ठरलेल्या वेळी सेकंड मेट त्याला चावी द्यायचा, ठरलेले फेरे मोजून. रेडिओवर वेळेचे टिपटिप संकेत यायचे, त्याच्याशी ते ताडून पाहायचं. पण ते पुढे-मागे असलं तरी काट्यांना हात लावायचा नाही! किती सेकंद पुढे, किती मागे, ते वहीत लिहायचं आणि गणितात वजा-मिळवणी करायची. घड्याळ बरोबर असण्यापेक्षा ते किती चुकतं हे नेमकं माहीत असणं महत्त्वाचं. हा नियम मला घरसंसारातही फार उपयोगी पडला. बायको समोर बसलीय, म्हणून इथेच थांबतो.

पहाटे क्षितिज दिसायला लागायचं आणि तारे अजून विझलेले नसायचे. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत सेक्स्टंटने चार-पाच तारे मोजायचे. उंची वाचली की ओरडायचं, आणि आत उभा असलेला कॅडेट क्रोनोमीटरवर सेकंद टिपायचा. सेकंद का? ४ सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर जवळजवळ दोन किलोमीटर. एका मिनिटाची चूक म्हणजे सुमारे २८ किलोमीटर. रात्री मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे तोंड असताना २८ किलोमीटर म्हणजे जहाज पाण्यात की खडकावर, एवढा फरक.

आता कबूल केलेलं गणित. काल दुपारी आपल्या पटांगणात नववीतली चार मुलं आणि मी बसलो होतो. एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंबा लावून उभी पुरली. तिच्याभोवती ११० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने काढलं. याला आपल्या जुन्या ज्योतिषात शंकू म्हणतात, सूर्यसिद्धान्तात ही रीत आहे. सकाळी सावली लांब असते, वर्तुळाबाहेर जाते. ती आखडत आखडत वर्तुळाला शिवली तेव्हा वाजले होते १० वाजून ५३ मिनिटं. मग आखडली, पुन्हा वाढायला लागली आणि दुसऱ्या बाजूने वर्तुळाला भिडली तेव्हा २ वाजून २१ मिनिटं. त्या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे अचूक पूर्व-पश्चिम. आणि त्या दोन वेळांचा मध्य म्हणजे आपल्या गावची खरी दुपार. मुलांनी हिशेब केला, उत्तर आलं १२ वाजून ३७ मिनिटं.

घड्याळ्यात १२ वाजतात ते भारताच्या प्रमाणवेळेचे, म्हणजे ८२ अंश ३० मिनिटं पूर्व, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरचे. सूर्याला तिथून आपल्याकडे यायला ३७ मिनिटं लागली. ३७ भागिले ४ म्हणजे सव्वानऊ अंश. ८२ अंश ३० मिनिटांतून ते वजा केले की ७३ अंश १५ मिनिटं. पुस्तकात रत्नागिरीचं रेखांश ७३ अंश १८ मिनिटांच्या आसपास आहे. एक काठी, थोडा चुना आणि मनगटावरचं घड्याळ, एवढ्यावर पाच-सहा किलोमीटरच्या फरकाने आपण स्वतःला पृथ्वीवर शोधून काढलं. त्यातही आपला मेळावा नाताळच्या सुट्टीत आहे हे आपलं नशीब. सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यात १४ मिनिटं मागे. २५ डिसेंबरच्या सुमाराला दोघांची गाठ पडते, म्हणून आम्हाला आणखी दुरुस्ती करावी लागली नाही. उत्तर जमल्यावर त्या चार मुलांमधली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आपल्या शाळेला स्वतःचे बारा आहेत!" मी छत्तीस वर्षांत इतकी चांगली व्याख्या ऐकली नव्हती.

आता बाईंच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. शून्य रेखावृत्त आपल्या गावातून नेता येईल का? येईल. खुशाल येईल! संत्र्याच्या सगळ्या फोडी सारख्या. पहिली कुठली म्हणायची हे निसर्गाने ठरवलेलं नाही. अमुक फोड पहिली असं सगळ्यांनी मान्य केलं की झालं. अडचण त्या "सगळ्यांनी"त आहे.

आपल्या पूर्वजांचं शून्य उज्जैनला होतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्यात मध्यरेषा सांगितलीय ती लंकेपासून उज्जैन, कुरुक्षेत्र यांवरून मेरूपर्यंत जाणारी. नकाशा काढून पाहिलात तर ही रेषा आपल्या भुसावळच्या अगदी जवळून आणि बार्शी-सोलापूरच्या आसपासून जाते. या रेषेपासून जेवढं दूर तेवढी वेळेची दुरुस्ती, तिला देशांतर संस्कार म्हणत. अरबांनी आपलं ज्योतिष नेलं तेव्हा उज्जैनही नेलं. लिपीच्या घोटाळ्यात त्याचं 'अरीन' झालं आणि त्या नावाने ते युरोपच्या ग्रंथांपर्यंत पोचलं. तिकडे ग्रीकांचा टॉलेमी आपलं शून्य पश्चिमेच्या टोकाला, आजच्या कॅनरी बेटांकडे ठेवत होता, कारण त्याच्या माहितीतलं जग तिथे संपत होतं. पुढे पॅरिसचं शून्य झालं, कादिझचं झालं, लिस्बनचं झालं. ज्याचा नकाशा त्याचं शून्य.

घोडा आणि शिडाचं जहाज होतं तोवर हे चाललं. आगगाडी आणि तारायंत्र आलं आणि पंचाईत झाली. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देश जमले. फ्रान्सचं म्हणणं, शून्य कोणत्याच मोठ्या देशातून जाऊ नये, तटस्थ असावं. ते टिकलं नाही. कारण साधं होतं: जगातली सुमारे ७२ टक्के जहाजवाहतूक आधीच ग्रीनिचवर बेतलेले नकाशे वापरत होती आणि अमेरिकेच्या रेल्वेने वर्षभरापूर्वीच ग्रीनिच धरून वेळा लावल्या होत्या. २२ मतं ग्रीनिचला, एक विरुद्ध, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. भारताचा स्वतंत्र प्रतिनिधी तिथे नव्हता. उज्जैनचं नाव कोणी काढणार कसं? फ्रान्सने पुढे २७ वर्षं पॅरिसच धरून ठेवलं. १९११ मध्ये त्यांनी मान्य केलं तेही कसं? कायद्यात ग्रीनिचचं नाव न घेता. "पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे" अशी त्यांची अधिकृत वेळ ठरली. म्हणजे ग्रीनिचच, पण नाव घ्यायचं नाही.

आपण हसतो, पण आपणही कमी नव्हतो. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नरांनी शहराला मद्रासची वेळ लावायचा हुकूम काढला, म्हणजे घड्याळ अर्धा तास पुढे. लोकांनी ती मानली नाही, १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, म्हणजे आता ३९ मिनिटं पुढे. गिरणीत सकाळी लवकर भोंगा होणार म्हणजे अंधारातच निघायचं. कामगार चिडले, शहर चिडलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत दोन वेळा चालत होत्या आणि माणसं एकमेकांना विचारत, "कुठल्या घड्याळाने?" इकडे आसामच्या चहामळ्यांत अजून 'बागान टाइम' आहे, प्रमाणवेळेच्या तासभर पुढे. कारण आपला देश पूर्व-पश्चिम जवळजवळ ३० अंश पसरलाय. तिकडचा सूर्य आपल्या बराच आधी उगवतो.

शून्य एकीकडे ठरलं, की त्याच्या बरोबर पाठीमागे १८० अंशांवर वार बदलावाच लागतो. जपानहून अमेरिकेला जाताना तो एकच दिवस दोनदा येतो. आमच्या जहाजावर दापोलीकडचा एक भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. तो गुरुवारचा उपवास करायचा. एकदा प्रशांत महासागरात लागोपाठ दोन गुरुवार आले. तो ब्रिजवर आला आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, उद्या परत गुरुवार आहे. धरायचा काय?" कॅप्टन पंजाबी होते. म्हणाले, "परतीच्या वाटेवर एक गुरुवार गायब होणार आहे, तेव्हा हिशेब कर." भंडाऱ्याने दोन्ही धरले. परत येताना जो वार गळाला तो मात्र सोमवार निघाला.

आता जरा गंभीर बोलतो.

आमचं जहाज एकदा लंडनजवळ टिलबरीला लागलं होतं. सुट्टी काढून मी ग्रीनिचला गेलो. तिथे जमिनीत धातूची पट्टी आहे. लोक एक पाय पूर्व गोलार्धात आणि एक पश्चिम गोलार्धात ठेवून फोटो काढतात. मी माझं हातातलं जीपीएस काढलं. त्या पट्टीवर ते शून्य दाखवत नाही. ५.३ सेकंद पश्चिम दाखवतं. उपग्रहांचं शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेतून जातं, आणि तिथे पट्टी नाही. कारण असं, की १८५१ पासून वापरात असलेली तिथली दुर्बीण पाऱ्याच्या सपाटीवरून उभी केलेली होती. पारा तिथल्या गुरुत्वाकर्षणाप्रमाणे समतल होतो आणि ते किंचित कललेलं आहे. उपग्रह मोजतात पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्यापासून. दुर्बीण खोटी नाही आणि उपग्रहही खोटा नाही. दोघे वेगळ्या आधारावर उभे आहेत. म्हणून आकडा सांगताना तो कुठून आणि कशात मोजलेला आहे हे सांगितलं नाही, तर आकड्याला अर्थ नसतो.

याचा आपल्या गावाशी काय संबंध? सांगतो. निवृत्तीनंतर मी बंदरावर मच्छीमार सोसायटीत तरुण तांडेलांचे वर्ग घेतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या भागातली एक बोट खोल समुद्रात इंजीन बंद पडून वाहत होती. बोटीवर सात जण. त्यातला सगळ्यात लहान मुलगा आपल्याच शाळेतून दहावी झालेला. त्याच्या फोनवर जागा दिसत होती: ७२.५०. त्याने वायरलेसवर जवळच्या बोटीला सांगितलं, "बहात्तर पन्नास." समोरच्याने ते ७२ अंश ५० मिनिटं असं लिहून घेतलं, कारण त्याच्या यंत्रावर अंश आणि मिनिटंच असतात. पण फोनवरचे ७२.५० म्हणजे साडेबहात्तर, म्हणजे ७२ अंश ३० मिनिटं. फरक २० मिनिटांचा, आपल्या अक्षांशावर सुमारे ३५ किलोमीटर. शोधायला गेलेली बोट रात्रभर भलत्याच पाण्यात फिरली. समुद्र शांत होता म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी सातही जण घरी आले. तो मुलगा पुढे माझ्या वर्गात आला तेव्हा म्हणाला, "काका, एका अंशात साठ मिनिटं असतात हे आम्हाला होतं पुस्तकात. पण ते घड्याळाचं वाटलं."

त्या पोराला मी काय दोष देऊ? त्याच्या हातातल्या यंत्राचे उपग्रह अणुघड्याळांवर चालतात. त्या घड्याळात सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली तरी जमिनीवर ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. आपल्या देशाने २०२३ मध्ये सोडलेल्या दिशादर्शक उपग्रहावर स्वदेशी अणुघड्याळ आहे, हॅरिसनच्या घड्याळाचं पणतवंडच म्हणा. एवढं सगळं त्या मुलाच्या हातात होतं. नव्हता तो आकड्याचा अर्थ.

आणि कधी कधी अर्थ कळूनही पुरत नाही. पालघर-डहाणूकडचे आपले मच्छीमार गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि सागरी हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात महिनोन् महिने, वर्षानुवर्षे अडकतात, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेलं आहे. सर क्रीकच्या वादामुळे तिथली समुद्रातली रेषा दोन्ही देशांनी मिळून ठरवलेलीच नाही. आपण कुठे आहोत हे बोटीला कळतं. हद्द कुठे आहे यावर एकमत नाही. पाण्यावर रेघ दिसत नाही, पण तिच्यापायी घरात चूल पेटत नाही. बाईंच्या त्या प्रश्नात हीच गोष्ट होती, हे मला फार उशिरा उमगलं. काही रेषा निसर्ग आखतो, त्या मोजाव्या लागतात. बाकीच्या माणसं आखतात, त्या बसून ठरवाव्या लागतात. मोजायला विज्ञान लागतं आणि ठरवायला शहाणपण. दोन्ही कच्चं राहिलं, की गरीब माणूस भरडतो.

आता शेवटचा मुद्दा. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवलाय. त्यातून प्रवेशद्वारावर कमान बांधायची असं बहुतेकांचं मत आहे, तिच्यावर देणगीदारांची नावं येणार आहेत. कमानीला माझा विरोध नाही, माझंही नाव तिच्यावर चांगलंच दिसेल. पण काल मी आपली भूगोलाची खोली पाहिली. कुलूप आहे. आत तुटके बाक आणि तांदळाची रिकामी पोती आहेत. पृथ्वीचा गोल आहे, पण आस मोडून एका बाजूला पडलाय. कोणाची तक्रार करत नाही. शिक्षक कमी, पट कमी, कामं जास्त, हे मला दिसतं.

माझी विनंती एवढीच, की निधीतला काही भाग त्या खोलीसाठी ठेवा. गोल दुरुस्त करू. भिंतीवर मोठे नकाशे लावू. पटांगणात, काल जिथे चुन्याचं वर्तुळ काढलं तिथे, पक्का ओटा बांधून एक मीटरचा पितळी शंकू उभा करू. ओट्यावर उत्तर-दक्षिण रेघ कोरू. खाली अक्षांश आणि रेखांश लिहू, अंश-मिनिटांतही आणि दशांशातही, दोन्ही शेजारी शेजारी. प्रत्येक इयत्तेने वर्षातून चार वेळा तिथे सावली मोजावी आणि वहीत नोंद करावी. यंत्र बंद पडलं, नेटवर्क गेलं, बॅटरी संपली, तरी आपण कुठे आहोत हे या गावच्या मुलाला सांगता आलं पाहिजे. आणि समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, तोही त्या ओट्यावर कोरू. यातली निम्मी मुलं किनाऱ्यावरची आहेत.

देखभालीचं काम मी करीन. मी आता इथेच राहतो, कुठे जायचं नाही. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी जेवताना मला गाठावं. दुपारचं सत्र संपताना ठराव मांडायची परवानगी मी अध्यक्षांकडे मागितलीय. हात वर करताना एवढं लक्षात ठेवा, की हात वर करूनच जगाने शून्य ठरवलं. आपल्याला फक्त एक ओटा ठरवायचाय.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला. तपासून मार्क द्या.